मोबाईल, सीसीटीव्ही आणि सोशल मीडियावरचा पुरावा कोर्टात देताना: कलम ६३चे प्रमाणपत्र

व्हॉट्सॲपवरचा संवाद, दुकानातल्या सीसीटीव्हीचे चित्रण किंवा फेसबुकवरची पोस्ट कोर्टात पुरावा म्हणून द्यायची, तर सोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३(४)चे प्रमाणपत्र लागते. हा कायदा १ जुलै २०२४ला लागू झाला. त्याआधीपासून प्रलंबित असलेल्या प्रकरणांना कलम १७०नुसार १८७२चा जुनाच पुरावा कायदा लागू राहतो, म्हणजे तिथे त्याच्या कलम ६५-बचे प्रमाणपत्र. नव्या प्रकरणात जुना ६५-बचा मसुदाच नाव बदलून जोडलेला अजूनही दिसतो. त्यात ना हॅशचा (फाईलच्या गणिती खुणेचा) रकाना असतो, ना तज्ज्ञाची सही. समोरच्या वकिलाची पहिली हरकत तिथेच येते.

प्रमाणपत्र कोण देऊ शकतो

नमुना अधिनियमाच्या अनुसूचीत आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा. उपकरण मालकीचे आहे, की तो त्याची देखभाल, व्यवस्थापन किंवा वापर करतो, यावर खूण करायची असते. त्यामुळे सोसायटीच्या डीव्हीआरसाठी (सीसीटीव्हीचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रासाठी) सचिव सही करू शकतो, पण चित्रण फक्त व्हॉट्सॲपवर मिळालेला सभासद त्या डीव्हीआरबद्दल काहीच सांगू शकत नाही. दुसरा भाग तज्ज्ञाचा. तज्ज्ञ म्हणजे कोण, याची व्याख्या कलम ६३ देत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९-अखाली अधिसूचित केलेल्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या सरकारी परीक्षकाबद्दल वाद उरत नाही. खासगी तज्ज्ञ घेतलात तर त्याची पात्रता आणि अनुभव दाखवणारी कागदपत्रे सोबत ठेवा, कारण उलटतपासणी त्याचीही होते.

भरायचे काय

उपकरणाचा प्रकार, कंपनी व मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय (मोबाईलचा ओळख क्रमांक) किंवा मॅक (नेटवर्कवरचा उपकरणाचा) क्रमांक. मग उपकरण त्या काळात नीट चालत होते, बिघाड झाला असल्यास नोंदीवर त्याचा परिणाम झाला नाही, हे विधान. शेवटी हॅश व्हॅल्यू, सही, तारीख, ठिकाण आणि वेळ. वेळ भारतीय प्रमाणवेळेनुसार, २४ तासांच्या पद्धतीत. हॅशचा अहवाल जोडावाच लागतो. नमुन्यात नोटरीचा उल्लेख नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ हॅशमध्ये होतो. हॅश म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण. एसएचए२५६ या पद्धतीने काढलेली असेल तर ६४ अक्षरांची. विंडोजमध्ये पॉवरशेल या आज्ञा देण्याच्या खिडकीतली ‘गेट-फाईलहॅश’ ही आज्ञा ती काही क्षणांत देते. नमुन्यात एमडी५ आणि एसएचए१चेही पर्याय आहेत, पण त्या दोन्हींत एकच हॅश देणाऱ्या दोन वेगळ्या फायली मुद्दाम बनवता येतात हे दाखवून झालेले आहे. तेव्हा एसएचए२५६च घ्या. फाईलचे नाव बदलले किंवा ती पेनड्राइव्हवर जशीच्या तशी उतरवली तर हॅश बदलत नाही. फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो, एक्झिफ माहिती (फोटोत दडलेली वेळ, कॅमेरा वगैरे) जाते आणि हॅशही बदलते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. डीव्हीआरमधून काढलेले चित्रण एमपी४मध्ये बदलले की तीही नवीनच फाईल. मूळ फाईल आणि ती उघडणारा प्लेअर दोन्ही जपा, हॅश मूळ फाईलची काढा, आणि तीही हाती आल्या आल्या. डीव्हीआरचे घड्याळ प्रमाणवेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे तेही त्याच वेळी लिहून घ्या.

इंटरनेटवरून गोळा केलेला पुरावा

पोस्ट फेसबुकच्या सर्व्हरवर आहे म्हणून नमुन्यात ‘सर्व्हर’वर खूण करणारे बरेच असतात. तो सर्व्हर तुमच्या ताब्यात नाही. तुम्ही सांगू शकता ते इतकेच, की अमुक संगणकावर, अमुक वेळी, अमुक पत्त्यावरचे पान उघडले आणि जतन केले. नुसता स्क्रीनशॉट तोकडा पडतो. पूर्ण वेबपत्ता, अख्खे पान आणि शक्य तर स्क्रीनचे रेकॉर्डिंगही घ्या. वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर) प्रत ठेवली तर तिच्या पत्त्यातले १४ आकडे म्हणजे वर्षापासून सेकंदापर्यंतची वेळ असते, पण ती जागतिक प्रमाणवेळ. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. रात्रीच्या पोस्टची तारीख इथेच चुकते.

सावलीवरून वेळ काढणे, डोंगराच्या रेषेवरून किंवा दुकानाच्या पाटीवरून जागा ओळखणे हे काम कितीही चोख असले तरी तो निष्कर्ष आहे. तो प्रमाणपत्रात घुसवू नका; ज्याने काढला त्याच्या स्वतंत्र टिपणात, प्रत्येक पायरीसह द्या. पोस्ट कोणी लिहिली हेही प्रमाणपत्राने सिद्ध होत नाही. त्यासाठी कंपनीकडून खात्याचा तपशील मागवावा लागतो.

उपकरण दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर

इथे जालन्याच्या २०१४च्या विधानसभा निवडणुकीचा वाद उपयोगी पडतो. उमेदवारी अर्ज दुपारी ३ नंतर दाखल झाले, हे दाखवायला निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातले चित्रण होते. मागणी करूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. १४ जुलै २०२०ला याच वादात, म्हणजे अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने जुन्या ६५-बबद्दल तीन गोष्टी स्पष्ट केल्या. प्रत द्यायची तर प्रमाणपत्र अनिवार्य. मालकाने मूळ लॅपटॉप किंवा मोबाईल घेऊन स्वतः साक्ष दिली तर त्याची गरज नाही. आणि समोरचा देत नसेल तर न्यायालयाकडे आदेश मागता येतो. सगळे प्रयत्न करूनही मिळाले नाही, तर त्याची शिक्षा पक्षकाराला होत नाही.

म्हणून आधी लेखी मागणी करा, पोच जपा. मग अर्ज: फौजदारीत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४खाली, दिवाणीत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६खाली. कॉलचे तपशील कंपन्यांना परवान्याच्या अटींनुसार किमान २ वर्षे ठेवावे लागतात. डीव्हीआरची डिस्क भरली की मात्र जुने चित्रण आपोआप पुसले जाते, तेव्हा ‘हे चित्रण राखून ठेवा’ असे पत्र घटनेनंतर लगेच पाठवा. प्रमाणपत्राची मागणी त्याच पत्रात करता येते.