डेक्सा तपासणीचा अहवाल आणि उतारवयातली हाडं
(तपासणीसाठी येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

डेक्सा म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजायची तपासणी. तिचा अहवाल हातात पडला की पहिली नजर जाते ती टी-स्कोअरच्या उणे चिन्हाकडे, आणि काउंटरवरच प्रश्न सुरू होतात. गर्दीच्या वेळी त्यांची नीट उत्तरं देता येत नाहीत, म्हणून हे पत्रक.

तुमच्या हाडांची घनता तरुण, निरोगी व्यक्तींच्या सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली आहे, हे टी-स्कोअर सांगतो. हाडं सर्वांत भरीव असतात ती तिशीच्या आसपास. त्यामुळे साठीनंतर उणे चिन्ह दिसलं तर त्यात नवल नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषांनुसार टी-स्कोअर उणे १ किंवा त्याहून वर असला तर घनता सामान्य धरतात. उणे १ ते उणे २.५ च्या मधे असला तर ऑस्टिओपेनिया, म्हणजे घनता सामान्यपेक्षा कमी, आणि उणे २.५ किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होणं. पन्नाशीच्या आतले पुरुष आणि पाळी चालू असलेल्या स्त्रिया यांच्यासाठी झेड-स्कोअर पाहतात. त्यात तुलना समवयस्कांशी असते.

मात्र उणे २.४ वाला सुरक्षित आणि उणे २.५ वाला धोक्यात, असं नसतं. ऑस्टिओपेनिया असलेल्यांची संख्याच मोठी असल्याने बरीच फ्रॅक्चर त्यांच्यातही होतात. म्हणून डॉक्टर आकड्यापलीकडचं विचारतात: वय, वजन, पूर्वी साध्या पडण्याने हाड मोडलं होतं का, आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का, धूम्रपान, मद्यपान, संधिवात, स्टिरॉइडच्या गोळ्या. यातलं काही लपवू नका.

एक गोंधळ वारंवार होतो. मणक्याचा आकडा चांगला आणि खुब्याचा वाईट, मग खरं काय? वयानुसार मणके झिजतात, त्यांच्या कडांना जादा हाड वाढतं आणि यंत्र तेही मोजतं. दबलेला मणकाही जास्त घन दिसतो. अशा वेळी मणक्याच्या आकड्यावर खूश होण्यात अर्थ नाही.

घनता घटते कशी?

हाड जिवंत असतं. काही पेशी जुनं हाड झिजवतात, काही नवं भरतात, आणि हे आयुष्यभर चालू राहतं. वय वाढलं की भरणं मागे पडतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) कमी होतं आणि पहिल्या पाच-सात वर्षांत ही घट फार वेगाने होते. पुरुषांमध्ये ती सावकाश होते, पण होते; पुरुषांची तपासणी उगाच लांबणीवर पडते असं आम्हाला वाटतं. थायरॉइडचा अतिरेक, मूत्रपिंडाचे आजार आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळणं हीही कारणं आहेत.

दुखत नाही म्हणून सगळं ठीक, असं समजू नका. मणक्यांची कित्येक फ्रॅक्चर कळतही नाहीत; नुसतं पाठीत बाक येतो. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटीमीटर किंवा जास्त घट झाली असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

पुढे काय करायचं?

पन्नाशीनंतर दिवसाला साधारण १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ते शक्यतो आहारातून घ्यावं. कमी पडेल तेवढ्यापुरतीच गोळी. ड जीवनसत्त्वाशिवाय ते नीट शोषलं जात नाही. पण ऑस्टिओपोरोसिस झाल्यावर नुसत्या कॅल्शियमच्या गोळीवर भिस्त ठेवणं आम्हाला पटत नाही. तिथे डॉक्टरांनी दिलेलं औषधच लागतं.

ॲलेंड्रोनेटसारखी गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं नाही. नाहीतर अन्ननलिकेला इजा होऊ शकते. डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असतं. ते मनाने बंद केलं किंवा लांबवलं, तर घनता झपाट्याने घसरते आणि मणके मोडू शकतात. दात काढायचा असेल तर यातलं कुठलं औषध चालू आहे ते दंतवैद्यांना आधी सांगा.

व्यायाम असा हवा की हाडांवर भार येईल: चालणं, जिने चढणं, वजनं उचलणं. पोहणं हृदयाला उत्तम, हाडांना फारसं नाही. मणके ठिसूळ असतील तर कमरेतून पुढे वाकण्याचे व्यायाम टाळा. आणि खुबा मोडतो तो बहुतेक वेळा पडल्यामुळे. म्हणून न्हाणीघरात धरायला दांडा, रात्री वाटेत दिवा, चष्म्याचा बरोबर नंबर आणि झोपेच्या गोळ्यांचा फेरविचार, एवढं घरी लगेच करता येईल.

पुन्हा तपासणी साधारण एक-दोन वर्षांनी, डॉक्टर सांगतील तेव्हा आणि शक्यतो त्याच यंत्रावर करा. वेगळ्या यंत्रांचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत, आणि दोन टक्क्यांचा फरक मोजणीतलाही असू शकतो.

येताना जुना अहवाल आणा. आदल्या २४ तासांत कॅल्शियमची गोळी घेऊ नका. नुकताच बेरियम किंवा रंगद्रव्य देऊन स्कॅन झाला असेल, खुब्यात किंवा मणक्यात धातूचा भाग बसवला असेल, किंवा गर्भधारणेची शक्यता असेल, तर वेळ ठरवतानाच कळवा. क्ष-किरणांची मात्रा अगदी अल्प असते आणि तपासणी १० ते २० मिनिटांत होते.