धर्मशाळा (वऱ्हाड)

वाटसरू, यात्रेकरू व बाजारकरू यांना फुकट वा नाममात्र पैशांत उतरता यावे म्हणून दानातून बांधलेली वास्तू. वऱ्हाडातील तालुक्याच्या गावी ती भर पेठेत किंवा स्टेशनच्या वाटेवर असे.

प्रथेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदात (क्षत्रप नहपानाचा जावई) याच्या लेखात (बहुधा इ. स. पहिल्या शतकाची अखेर ते दुसऱ्याचा आरंभ) भरुकच्छ (भडोच), दशपूर (मंदसोर), गोवर्धन (नाशिकजवळ) व शूर्पारक (सोपारा) येथे चतुःशाला (चौसोपी घरे), आवसथ (निवासस्थाने) व प्रतिश्रय (वाटसरूंचे आसरे) दिल्याचा उल्लेख आहे. विदर्भातील वाकाटक राजघराण्याच्या ताम्रपटांत ‘वैजयिक धर्मस्थान’ असा शब्द येतो. पण तेथे राजाचे धर्माधिकरण (न्यायकचेरी) अभिप्रेत दिसते, उतारूंची जागा नव्हे. केवळ शब्दसाम्यावरून दोहोंचा संबंध जोडणे योग्य नाही. धर्मशाळेची मधला चौक व भोवती ओवऱ्या ही रचना सराईवरून आली, असे एक मत आहे. तथापि वाड्याचा चौकही तसाच असतो. त्यामुळे दानाची कल्पना प्रतिश्रयाची आणि बांधणी स्थानिक वाड्याची, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली व जलंब–खामगाव फाटा १८७० मध्ये सुरू झाला. कापसाच्या हंगामात बंड्या (बैलगाड्या) घेऊन आलेल्या शेतकऱ्याला रात्र काढायला, बैल सोडायला जागा लागे. सागवानी खांबांची ओसरी, दिव्याच्या काजळीने काळा पडलेला कोनाडा, तीन दगडांची चूल. विहिरीच्या काठाला दोराने घासून पडलेल्या बोटभर खाचा. दारावरच्या शिळेवर ‘यांचे स्मरणार्थ’ असा लेख असे. मात्र जातीनुसार उतरण्याची मनाई अनेक ठिकाणी होती, हे विसरून चालणार नाही.

शेंडगावच्या गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) ही उणीव ओळखली. स्वतः झोपडीत राहून त्यांनी लोकवर्गणीतून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. मूर्तिजापूरलाही एक बांधली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

पुढे एसटी आल्यावर मुक्कामाची गरज घटली, लॉज निघाले. पेठेतल्या जागेचा भाव वाढला, तशा ओवऱ्या पाडून गाळे निघू लागले. पाडताना सागाच्या तुळया विकल्या जातात. दात्याची शिळा बहुधा राडारोड्यात जाते. निदान ती शिळा वाचून, उतरवून ठेवली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी त्या धर्मशाळेचा लेखी पुरावा तेवढाच असतो.