कीटकांतील मेदचयापचय आणि अंडनिर्मिती

मादी कीटकाच्या शरीरात साठलेल्या चरबीतून अंडी पोसली जाण्याची, आणि त्या साठ्यावर अंड्यांची संख्या अवलंबून असण्याची प्रक्रिया. कीटकाच्या अंड्याच्या कोरड्या वजनात साधारण ३० ते ४० टक्के स्निग्धांश असतो. अंडपेशी तो स्वतः जवळजवळ बनवतच नाही. तो मेदपिंडातून येतो.

मेदपिंड म्हणजे त्वचेखाली आणि आतड्याभोवती पसरलेली पांढुरकी-पिवळसर ऊती. आपल्या शरीरात यकृत आणि चरबी मिळून जे काम करतात, ते कीटकांत ही एकटी ऊती करते. ती चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपात साठवते; गरज पडली की डायग्लिसराइड, म्हणजे चरबीचे वाहून नेण्याजोगे रूप, रक्तात सोडते. लायपोफोरिन हे प्रथिन ते अंडाशयापर्यंत नेते. व्हायटेलोजेनिन हे पीतकाचे (अंड्यातील बलकाचे) मुख्य प्रथिनही मेदपिंडातच तयार होते आणि तेही थोडी चरबी सोबत नेते.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासात हे सारे बारकाईने अभ्यासले गेले आहे. कोषातून बाहेर पडणारी मादी अळीपणीची पुंजी घेऊनच येते. पुढे फुलांतल्या मधुरसातील साखरेपासूनही ती चरबी बनवते. जुव्हेनाइल हॉर्मोन या संप्रेरकामुळे अंडपुटके (ज्यांत एकेक अंडे वाढते त्या अंडाशयातील पिशव्या) एका टप्प्यापर्यंत वाढतात आणि थांबतात. मादी रक्त प्यायली की पचनातून आलेली अमिनो आम्ले आणि मेंदूतील संप्रेरके मेदपिंडाला व अंडाशयाला जागे करतात. अंडाशय इकडायसोन हे संप्रेरक सोडते, व्हायटेलोजेनिन भराभर तयार होऊ लागते आणि सुमारे तीन दिवसांत अंडी घालण्याजोगी होतात. इकडायसोनसाठी कोलेस्टेरॉल लागते. ते कीटकांना शरीरात बनवता येत नाही, अन्नातूनच मिळवावे लागते.

रक्त मिळाले की अंडी झाली, असे सहसा सांगितले जाते. हे अपुरे आहे. साखर कमी मिळालेल्या मादीत काही पुटके रक्त पिण्याआधीच विरघळून शरीरात शोषली जातात, म्हणजे अंड्यांचा आकडा चावा घेण्याआधीच बराचसा ठरू लागतो. अळीपणी उपाशी राहिलेल्या लहानखुऱ्या माद्यांना तर अंड्यांची पहिली खेप पुरी करायला कधी कधी दोनदा रक्त प्यावे लागते. रोगप्रसाराच्या दृष्टीने हा दुसरा चावा फार महत्त्वाचा आहे.

अंड्यात भरलेली चरबी गर्भाचे मुख्य इंधन असते. एडिसची अंडी टाकीच्या कडेला कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. आत पूर्ण वाढलेली अळी याच साठ्यावर तग धरते आणि साठा हळूहळू घटत जातो.

रेशीम पतंगात आहाराचा संबंध आणखी उघडा दिसतो. प्रौढ पतंग काहीच खात नाही. शेकडो अंड्यांची सगळी सामग्री अळीने खाल्लेल्या तुतीच्या पाल्यातून आलेली असते. गडचिरोली-भंडारा भागात ऐनाच्या झाडांवर वाढवल्या जाणाऱ्या टसरच्या पतंगाचेही तसेच. म्हणून बीजकोषांसाठी (पुढच्या पिढीची अंडी मिळवण्याच्या कोषांसाठी) राखलेल्या अळ्यांना शेवटच्या अवस्थेत पाला कमी पडला, तर पुढे पतंगाला काही देऊन ती तूट भरून काढता येत नाही.