मुरुमांची ट्यूब आणि तिच्यावरची बारीक अक्षरे

कोल्हापुरात महाद्वार रोडवर काय किंवा राजारामपुरीत काय, मेडिकलमध्ये जाऊन ‘चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्यात, काहीतरी द्या’ असे म्हटले की हातात एखादी ट्यूब पडते. तिच्यात काय आहे हे वाचल्याशिवाय ती चेहऱ्याला लावू नये, असे कळकळीने सांगावेसे वाटते. कारण मुरुमांवरची चांगली औषधे जशी सहज मिळतात, तशी चेहऱ्याची हानी करणारी मलमेही मिळतात.

वयात येताना अँड्रोजन संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात. ते तेल आणि मृत पेशी यांनी रंध्राचे तोंड बुजते, आत ‘क्यूटिबॅक्टेरियम ॲक्नेस’ हे जिवाणू वाढतात आणि दाह सुरू होतो.

त्वचा तेलकट असेल आणि काळे-पांढरे ठिपके जास्त असतील, तर ०.५ ते २ टक्के सॅलिसिलिक ॲसिड उपयोगी पडते. ते तेलात विरघळत असल्यामुळे रंध्रात शिरून बुजलेला भाग मोकळा करते. लाल, पुवाळलेल्या पुटकुळ्यांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड अधिक चांगले. ते जिवाणूंना मारते आणि जिवाणू प्रतिजैविकांना सरावतात तसे त्याला सरावत नाहीत. येथे मोठा आकडा पाहून भुलू नये, कारण २.५ टक्क्यांचे औषध जवळपास १० टक्क्यांइतकेच काम करते आणि आग मात्र कमी करते. तालमीत घाम गाळणाऱ्या मुलांच्या पाठीवरच्या मुरुमांसाठी याच औषधाचा धुण्याचा प्रकार सोयीचा ठरतो, फक्त त्याने टॉवेलचा आणि कपड्यांचा रंग उडतो.

कोरड्या किंवा नाजूक त्वचेवर दोन औषधे एकदम सुरू करू नयेत. एकच निवडून ते एक दिवसाआड रात्री लावावे आणि सोबत रंध्रे न बुजवणारे साधे मॉइश्चरायझर वापरावे. अशा त्वचेला ॲझेलाइक ॲसिड बहुधा मानवते, शिवाय त्याने डागही फिके होतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेसाठी हे महत्त्वाचे आहे, कारण लिंबू, टूथपेस्ट किंवा खरखरीत स्क्रबने त्वचा दुखावली, तर मुरूम जातो आणि काळा डाग कित्येक महिने राहतो. मुरूम येणाऱ्या चेहऱ्याला खोबरेल तेलही लावू नये.

सर्वांत मोठा धोका स्टेरॉइडयुक्त मलमांचा आहे. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असे नाव दिसले, तर ती मुरुमांसाठी न घेता परत ठेवावी. अशा मलमाने चार दिवसांत चेहरा उजळल्यासारखा वाटतो, म्हणून ते मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे जाते. पुढे मात्र त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, गालांवर लव वाढते आणि मलम थांबवताच मुरूम दुपटीने उसळतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या शेड्यूल एचमध्ये घातली, ती याच कारणाने.

योग्य औषधालाही सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. तांबड्या रश्श्यामुळे मुरूम येतात याला ठोस पुरावा नाही. गोड आणि मैद्याच्या पदार्थांबाबत मात्र तो काही प्रमाणात आहे. गरोदरपणात रेटिनॉइड वर्गातील (ॲडापॅलीन, ट्रेटिनॉइन यांसारखी) औषधे टाळावीत. दुखऱ्या, खोल गाठी येत असतील किंवा खड्डे पडू लागले असतील, तर मेडिकलच्या काउंटरवर वेळ न घालवता थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.