गाडीचं नाव तुमच्या तोंडी येईल तसं सांगा

(आमच्या सुट्या भागांच्या दुकानात येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

गेल्या पावसाळ्यात एक काका वायपरचे ब्लेड घ्यायला काउंटरवर आले. वय सत्तरीच्या आसपास, सोबत कॉलेजात जाणारी नात. कुठली गाडी, असं विचारल्यावर काकांनी नातीकडे पाहिलं आणि म्हणाले, “तूच सांग गं, मी म्हटलं की लोक हसतात.” मग कळलं, की गाडी घेतली त्या शोरूममध्ये विक्री करणाऱ्या मुलाने चारचौघांत त्यांचा उच्चार दुरुस्त केला होता. आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेल्या गाडीचं नाव घ्यायला माणसाने कचरावं, हे आम्हाला फार लागलं. हे पत्रक लिहायचं त्याच दिवशी ठरलं.

आम्ही कराडला चारचाकी गाड्यांचे सुटे भाग विकतो. गॅरेजवाले मेस्त्री, वडापवाले (प्रवासी जीपवाले), डॉक्टर, शिक्षक, ऊसतोडीच्या हंगामात पिकअप चालवणारी पोरं, सगळे येतात आणि प्रत्येक जण एकच नाव आपापल्या परीने घेतो. आमच्याकडे कोणाचाही उच्चार दुरुस्त केला जात नाही आणि पुढेही केला जाणार नाही. पण गाडी नेमकी कोणती हे आम्हाला कळायलाच हवं, आणि त्याला नुसतं नाव पुरत नाही. ते का, हे खाली सविस्तर सांगतो.

‘बरोबर’ उच्चार नक्की कोणाचा?

काउंटरवर सगळ्यात जास्त वाद होतो तो ह्युंदाईवरून. कोणी हुंडाई म्हणतं, कोणी ह्युंडाई, शहरात शिकलेली मुलं हुंडे म्हणतात. मूळ शब्द कोरियन, अर्थ ‘आधुनिक काळ’, आणि कोरियन माणूस तो साधारण ‘ह्यॉन्दे’ असा म्हणतो. मोटार कंपनी १९६७ साली सुरू झाली. अमेरिकेत गाडी विकताना कंपनीनेच जाहिरातीतून सांगितलं, की ‘संडे’शी जुळेल असं नाव म्हणा. ब्रिटनमध्ये मात्र लोक वर्षानुवर्षं ‘हाय-उन-डाय’ म्हणत राहिले आणि कंपनीनेही ते चालवून घेतलं. शेवटी २०२३ साली खास जाहिरात करून तिथल्या लोकांना मूळ कोरियनच्या जवळ जाणारा उच्चार शिकवायला घेतला. एवढी मोठी कंपनी दोन देशांत दोन उच्चार कित्येक वर्षं चालवून घेते, तर साताऱ्याच्या माणसाने हुंडाई म्हटलं म्हणून कोणी नाक मुरडायचं कारण नाही.

स्कोडाचं तर नावच आपल्यापर्यंत बदलून आलं. चेक भाषेत पहिल्या अक्षरावर एक छोटी खूण असते, तिच्यामुळे ‘स’चा ‘श’ होतो. म्हणजे खरा उच्चार ‘श्कोदा’. एमिल श्कोदा या अभियंत्याचं ते आडनाव. चेकमध्ये त्याच शब्दाचा एक अर्थ ‘नुकसान’ असाही आहे, आणि तरी त्या देशाने हे नाव अभिमानाने मिरवलं. भारतात कंपनी स्वतःच ‘स्कोडा’ म्हणते, मग आपणही तेच म्हणायचं. याच कंपनीची कुशाक ही गाडी चाकणला बनते. राजा या अर्थाच्या संस्कृत शब्दावरून नाव घेतल्याचं कंपनीने सांगितलं. पण त्यांच्या अशा एसयूव्ही गाड्यांची इंग्रजी नावं बहुतेक ‘के’ने सुरू होऊन ‘क्यू’ने संपतात, त्यामुळे पाटी वाचणारा माणूस गोंधळतो. कुशाक, कुशॅक, कुशाख, सगळं ऐकलंय आम्ही. २०२४ साली आलेल्या कायलाकचंही तेच होतंय. मोकळेपणाने म्हणा, आम्हाला कळतं.

फ्रेंच नावांत शेवटची अक्षरं बऱ्याचदा लिहितात पण उच्चारत नाहीत. म्हणून डस्टर, क्विड, ट्रायबर बनवणारी कंपनी फ्रान्समध्ये ‘रनो’ आणि आपल्याकडे ‘रेनॉल्ट’. नव्वदच्या दशकात कल्याणच्या कारखान्यात ३०९ नावाची फ्रेंच गाडी बनायची, तिच्या कंपनीला मुंबईत प्युजो म्हणणारे होते आणि प्युगॉट म्हणणारेही. त्या नावाच्या मधला आवाज मराठीत नाहीच. जो आवाज आपल्या भाषेत नाही तो नीट निघाला नाही, यात चूक कसली? जर्मन माणूस फोक्सवॅगनला ‘फोल्क्सवागन’ म्हणतो, म्हणजे लोकांची गाडी. आपला ‘फोक्स’ त्याच्या बराच जवळ आहे. इंग्रजी वाचून ‘व्होल्क्स’ म्हणणाऱ्यांपेक्षा आपले मेस्त्री इथे मुळाला धरून आहेत, हे मुद्दाम नोंदवावंसं वाटतं.

मित्सुबिशी पजेरोचं उदाहरण जरा वेगळं. स्पॅनिशमध्ये ते नाव ‘पाहेरो’ असं वाचलं जातं आणि बोलीत त्याचा अर्थ असभ्य होतो, म्हणून स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत कंपनीने तीच गाडी ‘मोंतेरो’ नावाने विकली. लोकांच्या जिभेपुढे कंपनीला नमावं लागतं ते असं.

पाचशे की फाइव्ह डबल ओ?

महिंद्राची एक्सयूव्ही २०११ साली आली, तीही चाकणहून. पाटीवर पाचनंतर दोन गोल. सगळ्या देशाने ते ‘फाइव्ह हंड्रेड’ वाचलं. कंपनीचं म्हणणं, की हे शून्य नाहीत, इंग्रजी ‘ओ’ आहेत, म्हणून ‘फाइव्ह डबल ओ’ म्हणा. त्यालाही कारण होतं. बोलेरो, स्कॉर्पिओ, झायलो, क्वांटो, वेरिटो, महिंद्राच्या बऱ्याच गाड्यांची नावं ‘ओ’वर संपतात, आणि ती परंपरा आकड्यांतही राखायची होती. पुढे २०१९ ला तीनशे आली, २०२१ ला सातशे, आणि २०२४ मध्ये तीनशेची जागा ‘थ्री एक्स ओ’ने घेतली. ‘ओ’ काही सुटला नाही.

आता आमचा अनुभव सांगतो. फोनवर, गॅरेजच्या गोंगाटात, ‘फाइव्ह डबल ओ’ आणि ‘थ्री डबल ओ’ यांत फक्त पहिला तुकडा वेगळा, आणि नेमका तोच ऐकू येत नाही. ‘पाचशे’, ‘तीनशे’, ‘सातशे’ हे मराठी आकडे मात्र कधीच एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून आमची विनंती आहे, की या गाड्यांसाठी बिनधास्त मराठी आकडा सांगा. कंपनीला मान्य नसलेला उच्चार इथे जास्त उपयोगाचा आहे.

लोकांनी स्वतः ठेवलेली नावं तर सगळ्यात भरवशाची. टाटांची एस ही छोटी मालवाहू गाडी २००५ साली आली, आणि तिला ‘छोटा हत्ती’ हे नाव असं चिकटलं, की कंपनीचं नाव घेणारा गिऱ्हाईक आमच्याकडे क्वचितच येतो. छोट्या हत्तीची क्लच प्लेट मागितल्यावर चुकीची दिली, असं आमच्याकडे एकदाही झालेलं नाही.

चूक कुठे होते

खरी अडचण उच्चार चुकण्याची नसते. दोन गाड्यांची नावं कानाला सारखी लागतात, तिथे पैसे आणि वेळ वाया जातो. आमच्याच हातून झालेली एक चूक सांगतो. पाटणच्या पुढच्या एका गावातून फोन आला, टायगुनचे पुढचे ब्रेक पॅड हवेत. फोन घेणाऱ्याने टिग्वान ऐकलं. दोन्ही फोक्सवॅगनच्याच. टायगुन २०२१ साली आलेली, चाकणला बनलेली, लहान बांध्याची. टिग्वान मोठी आणि महाग, तिचं नाव वाघ आणि इग्वाना सरडा या दोन शब्दांना जोडून केलेलं. आम्ही टिग्वानचे पॅड एसटीच्या पार्सलने पाठवले. मेस्त्रीने चाकं काढून ठेवली होती, पॅड बसेनात, आणि गाडी दोन दिवस उचलून धरलेली राहिली. त्या घरात दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या. पार्ट आम्ही आमच्या खर्चाने बदलून दिला, पण ते दोन दिवस परत देता आले नाहीत.

अशा जोड्या बऱ्याच आहेत. ‘इकोचं एअर फिल्टर द्या’ म्हटलं, की मारुतीची इको की फोर्डची इकोस्पोर्ट, हे विचारावंच लागतं. दोन्हींचे मालक आपल्या गाडीला ‘इको’च म्हणतात. व्हर्ना ह्युंदाईची, व्हर्सा मारुतीची, आणि फोनवर ‘न’ आणि ‘स’ यांत फरक करणं अवघड. टियागो आणि टिगोर दोन्ही टाटांच्या, एक डिकीशिवाय, एक डिकीसकट. खूप भाग सारखे आहेत, पण मागचा बंपर आणि मागचे दिवे सारखे नाहीत. बलेनो म्हणजे १९९९ ची जुनी सेदान की २०१५ नंतरची, हेही स्पष्ट करा. नाव एकच, गाड्या पूर्ण वेगळ्या.

आणि ‘आठशे’! आमच्या भागात आठशे म्हणजे मारुती ८००, पिढ्यान्‌पिढ्या. १९८३ च्या डिसेंबरात पहिली गाडी बाहेर पडली, २०१४ च्या जानेवारीत उत्पादन थांबलं. पण २०१२ मध्ये अल्टो ८०० आली आणि तिचे मालकही ‘आठशे’ म्हणू लागले. एवढ्या एका शब्दासाठी आम्ही नेहमी उलटा प्रश्न विचारतो, त्याचा राग मानू नका.

उलटही घडतं. नावं दोन, गाडी एकच. नाशिकला २००७ पासून बनलेली लोगन ही महिंद्रा आणि रेनॉल्टची भागीदारी होती. भागीदारी सुटल्यावर तीच गाडी २०११ मध्ये वेरिटो झाली. लोगनचा मालक ‘आता पार्ट मिळत नाहीत’ म्हणून हताश होऊन येतो, आणि वेरिटोच्या खोक्यातला बुश किंवा लोअर आर्म त्याच्या गाडीला बसतो. डस्टर आणि निसानची टेरानो यांचंही बरंचसं असंच आहे. जुनी गाडी भंगारात काढायच्या आधी एकदा आमच्याशी बोलून बघा.

म्हणून चासी नंबर

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, चासी नंबर असतो, १७ अक्षरांचा आणि आकड्यांचा. पुढच्या काचेपाशी, दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा बोनेट उघडल्यावर आतल्या पत्र्यावरही तो सापडतो, गाडीप्रमाणे जागा बदलते. पहिली तीन चिन्हं बनवणारी कंपनी सांगतात. एमएटी म्हणजे टाटा, एमए३ म्हणजे मारुती सुझुकी, एमएएल म्हणजे ह्युंदाई. उरलेल्या चिन्हांवरून कंपनीच्या यादीत मॉडेल, इंजिन आणि बनावटीचा काळ शोधता येतो. उच्चाराचा प्रश्नच उरत नाही.

या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. त्यामुळे फोनवर तुम्ही ‘ओ’ म्हणालात तरी आम्ही शून्यच लिहितो. पाटीवरच्या पाचशेत गोल म्हणजे ओ, चासी नंबरात गोल म्हणजे शून्य, एवढं लक्षात ठेवा.

बी, डी, पी, टी यांचाही फोनवर घोळ होतो, एम आणि एनचा तर हमखास. त्यासाठी आमच्याकडे गावांची नावं चालतात. एम मुंबईचा, एन नागपूरचा, पी पुण्याचा, डी दिल्लीचा, बी बारामतीचा, एस सांगलीचा. तुमच्या गावाचं नाव वापरलंत तरी हरकत नाही, जिल्ह्यातली गावं आमच्या मुलांना पाठ आहेत. बोलण्यापेक्षा आरसीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणं सोपं वाटत असेल तर तसं करा, मात्र नाव आणि पत्ता बोटाने झाकून फोटो काढा. आम्हाला फक्त चासी नंबर आणि इंधनाचा प्रकार लागतो.

आमच्याकडून काय होईल

बिलावर गाडीचं नाव आम्ही देवनागरीत लिहितो, तुम्ही घेतलंत तसं. मराठीत ॲ आणि ऑ आहेत, व आणि व्ह आहेत, त्यामुळे तुम्ही घ्याल ते नाव लिहायला आपली लिपी कमी पडत नाही. नावाशेजारी चासी नंबरचे शेवटचे सहा आकडे असतील. पुढच्या वेळी जुनं बिल घेऊन आलात तर काही विचारायचीही गरज पडणार नाही.

नावाच्या घोटाळ्यामुळे चुकीचा पार्ट गेला, तर चूक कोणाची हे न विचारता सात दिवसांत बदलून देतो. खोकं आणि आतली पिशवी फाटलेली नको, आणि पार्ट गाडीला बसवून काढलेला नको. सेन्सर, रिले, हेडलाइटचे बल्ब असे विजेचे भाग एकदा जोडले की परत घेता येत नाहीत, कारण ते जळालेत की नाही हे वरून दिसत नाही. बाहेरगावी पाठवायच्या मालाचा चासी नंबर आम्ही आधी परत वाचून दाखवतो आणि तुम्ही ‘बरोबर’ म्हटल्यावरच पार्सल बांधतो.

काका आता एकटेच येतात. परवा ब्रेक ऑइल घेऊन गेले. गाडीचं नाव त्यांनी स्वतःच सांगितलं, मोठ्याने.