‘युद्ध नको’ म्हणणारे बातमीबाहेर का राहतात?

युद्धाची चाहूल लागली की वाहिन्यांवर निवृत्त सेनाधिकारी येतात, नकाशे येतात, क्षेपणास्त्रांचे पल्ले येतात. ‘हे थांबवा’ म्हणणारा माणूस सहसा दिसत नाही, आणि दिसलाच तर त्याला झापायलाच बोलावलेलं असतं. गोव्यातल्या वाचकाला यात दोन वेगळ्या गोष्टी ओळखता येतील. एक, हुकमाने तोंड बंद करणं. दुसरी, हुकूम नसतानाही तेच घडणं.

पहिली गोष्ट इथल्या वडीलधाऱ्यांनी भोगलेली आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत मजकूर छापण्याआधी सेन्सॉरकडे जायचा. लग्नपत्रिकासुद्धा त्यातून सुटत नसत. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा त्यांची बाजू गोव्यात छापून येणं शक्यच नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सरहद्दीजवळच्या जंगलातून गुप्त रेडिओ सुरू केला आणि मुक्तीपर्यंत चालवला. पुढे १४ डिसेंबर १९६१ला सालाझारने गव्हर्नर जनरल वासाल्लो ई सिल्वा यांना कळवलं की तह नाही, शरणागती नाही. सैनिक जिंकलेले असतील, नाहीतर मेलेले. लिस्बनची वृत्तपत्रं घनघोर प्रतिकाराच्या बातम्या देत राहिली. प्रत्यक्षात वासाल्लो ई सिल्वा १९ डिसेंबरला शरण गेले. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक जिवंत राहिले, पणजीही शाबूत राहिली. बदल्यात वासाल्लो ई सिल्वा यांना सैन्यातून काढून टाकण्यात आलं. १९७४च्या क्रांतीनंतरच त्यांचा हुद्दा परत मिळाला. मला हा मुक्तीच्या कथेतला फार मोलाचा भाग वाटतो. दरवर्षीच्या पुरवण्यांत त्याला दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळायला हवी.

पण जिथे सेन्सॉर नाही तिथे काय? पहिल्या महायुद्धात ब्रिटन-अमेरिकेतही कायद्याचाच बडगा होता. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल १९१८मध्ये तुरुंगात गेले, आणि अमेरिकेतले समाजवादी नेते युजीन डेब्स यांना एका युद्धविरोधी भाषणासाठी दहा वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर १९१७मध्ये पंतप्रधान लॉईड जॉर्ज यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’चे संपादक सी. पी. स्कॉट यांच्याजवळ खासगीत कबूल केलं, की लोकांना खरं कळलं तर युद्ध उद्याच थांबेल.

व्हिएतनामपर्यंत हा बडगा बराच सैल झाला होता, आणि खरा प्रश्न तिथेच उघडा पडतो. डॅनियल हॅलिन या अभ्यासकाने त्या काळातल्या बातम्या तपासून एक मांडणी केली. जे सर्वांना मान्य, ते पत्रकार न विचारता मांडतो. ज्यावर प्रस्थापित पक्षांत मतभेद आहेत, तिथे तो दोन्ही बाजू देतो. या दोन्हींच्या बाहेरचं मत त्याला चर्चेलायकच वाटत नाही. ऑगस्ट १९६४मध्ये व्हिएतनाममध्ये लष्करी बळ वापरायची मोकळीक राष्ट्राध्यक्षांना देणाऱ्या टोंकिन आखाताच्या ठरावाला अमेरिकी सिनेटमध्ये फक्त दोघांनी विरोध केला. संसदेतच विरोध इतका तोकडा, तर बातमीदार ‘दुसरी बाजू’ म्हणून कोणाकडे जाणार? सत्ताधाऱ्यांत फूट पडली तेव्हाच विरोधाला मोकळी जागा मिळू लागली.

इराकच्या वेळी हे आकड्यांत दिसलं. १५ फेब्रुवारी २००३ला जगभर लाखो लोक रस्त्यावर उतरले. तरीही युद्धाच्या पहिल्या तीन आठवड्यांत ‘फेअर’ या माध्यम-निरीक्षक संस्थेने सहा अमेरिकी बातमीपत्रांत पडद्यावर बोललेली १,६१७ माणसं मोजली, तेव्हा त्यांतल्या अमेरिकी पाहुण्यांपैकी युद्धविरोधी फक्त ३ टक्के निघाले. ‘लोकांना ऐकायचंच नसतं’ हे कारण हमखास दिलं जातं, पण ते अपुरं आहे. एमएसएनबीसी या अमेरिकी वाहिनीने युद्धाला विरोध करणारे सूत्रसंचालक फिल डोनाह्यू यांचा कार्यक्रम त्याच फेब्रुवारीत बंद केला, तेव्हा तो त्या वाहिनीवर सर्वाधिक पाहिला जात होता.

मालकीकडेही बोट दाखवलं जातं, आणि मुक्तीनंतर गोव्यातली मोठी दैनिकं खाण उद्योगातल्या घराण्यांनी काढली, त्यामुळे आपल्याला ते लगेच पटतं. खाणींच्या बातम्यांपुरतं ते लागूही असेल. युद्धाच्या बातमीत मात्र, माझ्या मते, मालकापेक्षा बातमीचा उगम जास्त ठरवतो. पणजीतल्या दैनिकाचा बातमीदार रणभूमीवर नसतो. मजकूर वृत्तसंस्थेकडून येतो, आणि तिला तो बहुतेक वेळा सरकारी निवेदनातून, सेनेच्या पत्रकार परिषदेतून मिळतो. तिथे रोज ठरल्या वेळी बोलणारा प्रवक्ता असतो. शांततावाद्यांकडे ना प्रवक्ता, ना रोज देण्यासारखी घडामोड. मे २०२५च्या भारत-पाक संघर्षात आपल्या काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं खोटंच सांगितलं. घाईत पडताळणीही सुटते, तिथे शंका विचारणाऱ्याची काय कथा!

खरं तर गोव्याला साक्षीदार दूर शोधावे लागत नाहीत. १९९०मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा तिथे कितीतरी गोंयकार अडकले होते. साष्टी-बारदेशातले खलाशी आजही तांबड्या समुद्रातून जहाजं नेतात, आणि २०२३च्या अखेरीपासून त्या मार्गावर हल्ले झाले आहेत. वृत्तसंस्थेच्या मजकुराशेजारी अशा एखाद्या घरातल्या माणसाचं म्हणणं छापायला दैनिकाला कोणाची परवानगी लागत नाही.