काचमण्यांचा नाताळसाज: पोनिक्लाच्या कलेची पार्श्वभूमी

चेक प्रजासत्ताकाच्या उत्तरेस, पोलंडच्या सीमेलगतच्या डोंगराळ बोहेमियात पोनिक्ला नावाचे एक खेडे आहे. फुंकून केलेले पोकळ काचमणी तारेत ओवून नाताळच्या झाडासाठी तळहातावर मावतील अशा चांदण्या, विमाने आणि देवदूत घडवण्याची कला आज मुख्यतः तेथील एका लहान कौटुंबिक कारखान्यात टिकून आहे. युनेस्कोने 2020 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश केला, तो नाताळच्या सजावटीची कला म्हणून. तिचे मूळ मात्र सणात नसून मण्यांच्या व्यापारात आहे.

झाड सजवण्याची प्रथा अर्थातच याहून बरीच जुनी आहे. स्ट्रासबुर्ग येथील 1605 च्या एका वर्णनात झाडाला कागदी गुलाब, सफरचंदे आणि साखरेचे पदार्थ टांगल्याचा उल्लेख सापडतो. काच त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळाने आली. जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातील लाउशा या गावी 1597 पासून काचभट्टी होती आणि तेथील एका कारागिराच्या मागणीवहीत 1848 साली नाताळच्या काचगोळ्यांची नोंद आढळते. सफरचंदे घेण्याची ऐपत नसलेल्या गरीब कारागिराने काचेची फळे फुंकली, ही कथा ऐकायला गोड आहे. पण पुरावा म्हणून वहीच अधिक विश्वासार्ह. 1867 मध्ये लाउशात गॅसचा कारखाना निघाला, स्थिर आणि प्रखर ज्योत मिळू लागली, आणि मोठे, पातळ गोळे फुंकणे शक्य झाले.

बोहेमियातील वाट वेगळी होती. यिझेरा आणि क्रकोनोशे या डोंगररांगांत शेती बेताची आणि हिवाळा लांब, त्यामुळे अनेक घरांत दिव्याच्या ज्योतीवर काच तापवण्याचा जोडधंदा चाले. याब्लोनेत्स हे या मालाचे व्यापारी केंद्र होते. येथील काचेचा भारताशीही जवळचा संबंध होता: पहिल्या महायुद्धापूर्वी आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या काचेच्या बांगड्या आणि मणी मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातून, म्हणजे प्रामुख्याने याच भागातून येत. तळेगावला पैसा फंडातून काच कारखाना उभा राहिला, त्या स्वदेशीच्या काळात परक्या काचेविरुद्ध जी मोहीम चालली, तिचा रोख ज्या मालावर होता त्यात हाही होता.

पोनिक्लात स्तानिस्लाव होर्ना यांनी 1902 मध्ये फुंकीव मण्यांचा व्यवसाय सुरू केला. मण्यांचा धंदा पोशाखांच्या आणि दागिन्यांच्या फॅशनवर हेलकावे खात असे, तर नाताळ दरवर्षी ठरल्या दिवशी येई. मण्यांपासून झाडाचे दागिने करण्यामागचा हा हिशेब समजण्यासारखा आहे.

कामाची रीत थोडक्यात अशी. काचेची बारीक नळी ज्योतीवर मऊ करून पितळी साच्यात धरायची आणि फुंकर मारायची, म्हणजे साच्यातील खळग्यांनुसार एकमेकांना जोडलेल्या मण्यांची सर तयार होते. सरीच्या आत चांदीच्या क्षाराचे द्रावण भरून चंदेरी थर बसवतात. मुलामा आतून असल्याने तो हाताळून झिजत नाही आणि चकाकी काचेतून झळकते. मग सर रंगात बुडवतात, काहींवर हाताने नक्षी काढतात, तिचे तुकडे किंवा सुटे मणी कापतात आणि तारेत ओवून आकार देतात. मणी इतके नाजूक, की तार जरा जास्त ओढली तरी तडा जातो. या दागिन्यांचा लहानपणा हौसेतून आलेला नाही. मूळ घटकच मणी असल्यावर दागिना फार मोठा होणार तरी कसा?

विसाव्या शतकाने या धंद्याला बरेच तडाखे दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रदेशातील बहुसंख्य जर्मनभाषकांना देश सोडावा लागला आणि त्यांपैकी अनेक काच-कारागिरांनी बव्हेरियात काउफबॉयरेनजीक नोयगाब्लोन्झ ही वसाहत वसवली. 1948 नंतर चेकोस्लोव्हाकियात खाजगी उद्योगांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि कारखाना पुन्हा खाजगी हाती जायला 1989 नंतरचे सत्तांतर यावे लागले. मधल्या काळात साचे जपले गेले आणि हातांना कामाची सवय राहिली, म्हणूनच पुढची पिढी हे काम शिकू शकली. काही कारागीर मणी घरी नेऊन तेथेच ओवतात.